लाइमवॉशची भिंत, दीड वर्षानंतर

बैठकीच्या खोलीतली एक भिंत आम्ही लाइमवॉशने, म्हणजे चुन्याच्या पातळ रंगाने, रंगवून घेतली, त्याला आता दीड वर्ष झालं. भिंत साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटर उंच. रंग जुन्या कौलासारखा, पण त्याहून फिका आणि जरा धुळकट. रंग लागला त्या दिवशी लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहून झालं असतं. आठ दिवसांनी बसले असते तर नुसती तक्रार. आता दोन्हींचं नीट वजन करता येतंय.

मी छापखान्यात रंग जुळवण्याचं काम करते, २२ वर्षं झाली. मशीनमधून निघालेला कागद आणि ग्राहकाने मंजूर केलेला नमुना शेजारी ठेवायचा, ५००० केल्विनच्या, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या, ठरलेल्या प्रकाशात बघायचा आणि लाल किंचित चढलाय की निळा कमी पडलाय ते सांगायचं, असं हे काम. त्यामुळे घरातल्या रंगांबद्दल माझी मतं ठाम आहेत. या भिंतीने त्यातली दोन-तीन बदलायला लावली.

मधली काही वर्षं जिकडेतिकडे करडा रंग होता. भिंत करडी, सोफा करडा, फरशी करडी. पॅन्टोन ही कंपनी २००० सालापासून दरवर्षी एक 'वर्षाचा रंग' जाहीर करते. २०२१ साली त्यांनी दोन रंग निवडले, त्यातला एक करडाच होता, अल्टिमेट ग्रे. २०२५चा रंग होता मोका मूस, म्हणजे मऊ तपकिरी. २०२६साठी त्यांनी क्लाउड डान्सर हा पांढरा निवडला. एका कंपनीची निवड म्हणजे हुकूम नव्हे. पण आमच्याकडे छापायला येणाऱ्या टाइल्सच्या, पडद्यांच्या, फर्निचरच्या कॅटलॉगांमध्ये हा बदल मी रोज बघत होते. करड्यातला निळा हळूहळू उतरत गेला, पिवळा आणि लाल चढत गेला. विटेचे, मातीचे, शेवाळाचे, वाळक्या पानाचे रंग आले. त्यांच्याबरोबर पोतही परत आला. आरशासारख्या चकचकीत लॅमिनेटच्या जागी हाताला लागणारे, थोडे खरबरीत पृष्ठभाग दिसायला लागले. लाइमवॉशला मागणी आली ती या दोन्हींमुळे.

लाइमवॉश म्हणजे मुळात चुना. चुनखडीचा दगड सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात भिजवला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं, आणि तेच पातळ करून भिंतीवर मारतात. मग भिंतीवर ते हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतं आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतं. म्हणजे दगडाचा पीठ-पाणी होऊन भिंतीवर परत दगड होतो. वरून कोरडा व्हायला एक दिवस पुरतो, पण आतली ही क्रिया कित्येक आठवडे चालू राहते. साध्या इमल्शनमध्ये रंगाचे कण प्लास्टिकसारख्या पातळ पापुद्र्यात अडकून बसतात. इथे ते दगडाच्या बारीक स्फटिकांत बसतात. दिसण्यातला सगळा फरक यातून येतो, आणि पुढे सांगणार आहे तो सगळा त्रासही.

विकत घेताना एक गोष्ट नक्की बघा. 'लाइमवॉश इफेक्ट' नावाने मिळणारे बरेच रंग मुळात अ‍ॅक्रिलिक असतात, त्यात चुना नसतो. वाईट नसतात, उलट निगेला सोपे असतात, पण ती वस्तू वेगळी. खऱ्या लाइमवॉशच्या डब्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा उल्लेख असतो आणि डोळ्यांना, त्वचेला इजा होऊ शकते असा इशारा असतो, कारण ताज्या चुन्याचा पीएच १२च्या वर असतो. हातमोजे आणि चश्मा घातल्याशिवाय ढवळूसुद्धा नये. दुसरी खूण म्हणजे रंगांची यादी. चुन्याच्या क्षारात टिकतात ते प्रामुख्याने मातीतले रंग: काव, पिवडी, अंबर नावाची तपकिरी माती, लोहाच्या ऑक्साइडच्या छटा. प्रशियन निळ्यासारखा रंग चुन्यात मरतो. म्हणून खऱ्या लाइमवॉशच्या शेडकार्डात झगमगीत जांभळा किंवा भडक गुलाबी शोधत बसू नका. आणि शेवटची खूण घरी करून बघायची. वाळलेल्या नमुन्यावर पाण्याचा थेंब सोडा. खरा चुना तिथे लगेच गडद होतो आणि थोड्या वेळाने पूर्ववत होतो. अ‍ॅक्रिलिकवर थेंब ओघळून जातो.

शेडकार्डावरून रंग निवडू नका, हे तर मी कोणत्याही रंगाबाबत सांगेन. लाइमवॉशबाबत ते दुप्पट खरं आहे. डब्यात असतो तो रंग एक, ओला लागतो तो दुसरा आणि वाळल्यावर उरतो तो तिसरा. आमचा रंग ओला असताना भिजलेल्या विटेसारखा लाल दिसत होता. नवरा दारातून बघून म्हणाला, "हे फार होतंय." संध्याकाळपर्यंत तो इतका उतरला, की मलाच वाटलं अजून एक हात हवा. मी ५० सेंटिमीटरच्या चौकोनी पाट्यांवर चार छटांचे नमुने करून घेतले होते. दोन-दोन हात मारून, पूर्ण वाळू देऊन. त्या पाट्या आठवडाभर भिंतीला टेकवून ठेवल्या, आणि सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर अशा तीन वेळा बघितल्या. चारपैकी दोन पाट्या दिवसा जवळपास सारख्याच दिसत होत्या. ट्यूबलाइट लावली की एक गुलाबी आणि दुसरी मेंदीसारखी हिरवट. छापखान्यात याला मेटामेरिझम म्हणतो, आणि त्यामुळे फसलेल्या ऑर्डरी मी पाहिल्या आहेत. घरात मात्र हा तपास कुणी करत नाही. दुकानातल्या दिव्याखाली आवडलेली छटा घरातल्या दिव्याखाली परकी वाटते ती यामुळेच.

आता तक्रार. ज्यांच्याकडून काम करून घेतलं त्यांचं नाव इथे घेणार नाही, पण चूक काय झाली ते सविस्तर सांगते, कारण ही चूक फार ठिकाणी होते. आमच्या भिंतीवर आधीचं इमल्शन होतं, धुता येणारं. चुन्याला शोषून घेणारी भिंत लागते: गिलावा, वीट, दगड. इमल्शनच्या पापुद्र्यावर तो मुरत नाही, नुसता वर बसतो. म्हणून मध्ये मिनरल प्रायमर द्यावा लागतो, ज्यात बारीक वाळूसारखे कण असतात आणि चुन्याला धरायला जागा मिळते. कोटेशनमध्ये तो लिहिलेला होता. प्रत्यक्षात त्या जागी साधा पांढरा प्रायमर मारला गेला. मी कामावर होते, मला कळलं नाही. पहिले चार दिवस भिंत अप्रतिम दिसली. आठव्या दिवशी सासूबाई भिंतीला टेकून उठल्या आणि त्यांच्या खांद्यावर विटकरी पूड. स्विचबोर्डच्या वर नखाएवढे पापुद्रे सुटायला लागले होते. मी फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, चुना असाच असतो, थोडी पूड पडणारच."

असा नसतो. नीट लागलेल्या लाइमवॉशवरून तळहात फिरवला तर हलकीशी खडूसारखी झाक हाताला लागू शकते. कपडे भरत नाहीत. मी रिकाम्या डब्यांचे फोटो आणि कोटेशनची ती ओळ पाठवली, तेव्हा कुठे माणसं परत आली. सगळं खरवडून, पॉलिश पेपर मारून, योग्य प्रायमर देऊन पुन्हा तीन हात झाले. या वेळी मी तीन दिवस रजा टाकून समोर बसले. हे वाचणाऱ्यांनी एवढं तरी करावं: प्रायमरचा डबा आपल्यासमोर उघडायला लावावा आणि त्यावरचं नाव वाचावं.

त्या तीन दिवसांत मी जे बघितलं त्याने मात्र हा रंग माझा झाला. दुसऱ्या खेपेला आलेले रंगारी वयाने मोठे होते आणि हातात रुंद, दाट केसांचा ब्रश होता. रोलर नाहीच. आधी भिंतीवर पाण्याचा हलका फवारा, कारण कोरडी भिंत चुन्यातलं पाणी झटकन पिऊन टाकते आणि मग तो पूड होतो. मग ब्रश इकडून तिकडे, तिरपा, फुल्या मारल्यासारखा. एकजण शिडीवर, एकजण खाली, आणि दोघांची कड कायम ओली राहील अशा वेगाने भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मध्ये थांबायचं नाही. थांबलं तर त्या जागी उभी रेघ उमटते आणि ती कशानेही जात नाही. दुसरा हात चालू असताना माझा फोन वाजला आणि मी खोलीतून बोलत बाहेर जायला लागले, तर शिडीवरचे काका म्हणाले, "ताई, खिडकी ओढून घ्या आधी. वारं लागलं की एका बाजूने आधी वाळेल." हात पातळ असतात, दुधासारखे. पहिल्या हातानंतर भिंत डागाळलेली, केविलवाणी दिसते. दुसऱ्यात ढग जमायला लागतात. तिसऱ्यात रंगाला गहिरेपणा येतो. नव्या डिस्टेंपरसारखा वासही नाही, ओल्या दगडाचा येतो तेवढाच.

ही भिंत कुठली असावी, यावर आमच्यात महिनाभर चर्चा झाली. आणि खोलीत नजर पहिल्यांदा कुठे जावी, हा प्रश्न रंगापेक्षा मोठा आहे असं माझं ठाम मत आता झालं आहे. नवऱ्याला टीव्हीमागची भिंत हवी होती, कारण कॅटलॉगांत बहुतेक तसंच असतं. मी दारात उभी राहून खोलीचे फोटो काढले, ते कृष्णधवल केले आणि डोळे बारीक करून बघितले. छपाईत आम्ही असंच करतो. रंग काढून टाकला की उजेड-अंधाराचा सांगाडा उरतो. त्या फोटोत टीव्ही म्हणजे फिक्या भिंतीवरचा एक काळा चौकोन होता आणि दुसरं काहीच दिसत नव्हतं. त्या भिंतीवर लाइमवॉशचे ढग काढले असते तरी नजर त्या काळ्या चौकोनातच पडली असती.

मग खिडकीच्या काटकोनातली भिंत निवडली. खिडकीतला प्रकाश तिच्यावर तिरपा, घासून जातो. ब्रशचे फराटे त्याच उजेडात उठून दिसतात. समोरासमोर प्रकाश पडणाऱ्या भिंतीवर हेच फराटे सपाट होतात. एक धोका आहे: तिरपा प्रकाश गिलाव्यातला प्रत्येक उंचवटाही दाखवतो. आमच्या भिंतीत दोन जुन्या खिळ्यांची भोकं पुट्टीने भरलेली होती, ती पुट्टी आजूबाजूपेक्षा कमी शोषत होती. आजही सकाळी नऊच्या सुमारास ती दोन वर्तुळं मला दिसतात. पाहुण्यांना दिसत नाहीत, पण मला दिसतात.

टीव्हीची भिंत आम्ही गडद केली. कॉफीच्या बियांचा तपकिरी, एलआरव्ही ९. एलआरव्ही म्हणजे रंग किती प्रकाश परत फेकतो त्याचा आकडा. काळा शून्याजवळ, पांढरा १००जवळ, आणि बऱ्याच शेडकार्डांच्या मागे तो छापलेला असतो. त्या भिंतीवर बंद टीव्ही विरून जातो. खोलीतली दोन आकर्षणं एकमेकांशी भांडत होती, ते भांडण इतक्या सोप्या उपायाने मिटलं. लाइमवॉशच्या भिंतीवर मी काहीही टांगलेलं नाही. घड्याळ नाही, फ्रेम नाही. आलेला प्रत्येकजण इथे एखादं मोठं चित्र लावा म्हणतो. मी लावणार नाही. ज्या भिंतीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजेड सरकताना दिसतो, तिच्यावर चित्र म्हणजे गाणं चालू असताना बोलणं.

दिव्यांचा खर्च मात्र वेगळा धरा. केल्विनचा आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर. आमचे जुने दिवे ४००० केल्विनचे होते, त्यांत ही भिंत संध्याकाळी राखेसारखी दिसायची. छताला, भिंतीपासून साधारण २५ सेंटिमीटरवर २७०० केल्विनचे तीन दिवे बसवले, सीआरआय ९५चे. सीआरआयचा आकडा १००च्या जितका जवळ, तितके रंग खरे दिसतात, आणि मातीच्या रंगांतला लाल हा स्वस्त एलईडीत पहिल्यांदा मरतो. दिवे बदलले त्या रात्री भिंत दुसऱ्यांदा रंगवल्यासारखी वाटली.

सोफ्याचं एक प्रकरण झालं. आमचा सोफा करडा, त्या करड्या काळातलाच. नव्या भिंतीसमोर तो हिरवट दिसायला लागला. सासूबाईंना वाटलं, त्याला बुरशी आली. कापड तेच होतं. लालसर रंगाच्या शेजारी ठेवलेला करडा डोळ्यांना त्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे निळ्या-हिरव्याकडे झुकलेला दिसतो. फ्रान्समधल्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचं काम बघणारा रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याच्याकडे काळा धागा फिका पडतो अशा तक्रारी यायच्या. त्याने शोधलं तेव्हा दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांच्या रंगात होता. १८३९ साली त्याने हा नियम मांडला. मला हे तोंडपाठ असूनही मी सोफ्याचा विचार केला नाही, आणि शेवटी त्याला ओटमीलसारख्या उबदार फिक्या रंगाचं नवं आवरण शिवून घेतलं. भिंत बदलताना न बदलणाऱ्या वस्तूंचे तुकडे, उशीची खोळ, पडद्याची कड, नमुन्याच्या पाटीला लावून बघा. आवरणासाठी बुक्ले सुचवलं गेलं, ते लोकरीच्या वेटोळ्यांचं कापड सध्या सगळीकडे आहे. दिसतं सुंदर. पण आमच्या घरात मांजर आहे आणि बुक्लेची वेटोळी नखात अडकतात. दाट विणीचं कापड घेतलं. कापड घासून ते किती टिकतं हे बघणारी त्याची मार्टिनडेल चाचणी ३०,००० घासण्यांची आहे आणि अजून एक धागा सुटलेला नाही.

आता ज्या गोष्टीमुळे माझं मत सर्वांत जास्त बदललं ती. सासूबाईंची खोली आम्ही त्याच वेळी एकरंगी करून घेतली. कलर ड्रेंचिंग म्हणतात ती पद्धत: भिंती, छत, दार, चौकट, स्कर्टिंग, कपाट, सगळं एकाच छटेत. कोपरे विरतात, छोटी खोली मोठी आणि शांत वाटते. आम्ही राखाडीकडे झुकणारा फिका हिरवा निवडला. फोटोत ती खोली घरातली सर्वांत देखणी होती.

सासूबाई म्हणाल्या, "खाकी कशाला दिलात गं?" मला वाटलं, त्यांना आवडलं नाही म्हणून म्हणतायत. त्या रोज खाकीच म्हणत राहिल्या. पुढे तीन महिन्यांनी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्या खोलीत आल्या, पलंगावर बसल्या, आणि डावा डोळा तळहाताने झाकून भिंतीकडे बघितलं. मग उजवा झाकून. मग पुन्हा डावा. "अगं, ही भिंत हिरवी आहे!" वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं. मोतीबिंदूत हे आणखी वाढतं. त्यांच्या डाव्या डोळ्याला माझा हिरवा खरोखरच खाकी दिसत होता. मी २२ वर्षं रंग तपासतेय, आणि माझ्याच घरात रोज बघणाऱ्या माणसाचा डोळा मी तपासला नव्हता.

तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्या इतके दिवस बोलल्या नव्हत्या. रात्री उठल्यावर त्यांना दार सापडत नसे. हात भिंतीवरून फिरवत जायच्या. दार, चौकट, भिंत, सगळ्यांचा एलआरव्ही ५५ असल्यावर सापडणार कसं! इमारती सर्वांना वापरता याव्यात म्हणून ब्रिटनमध्ये जी मानकं आहेत, त्यांत लागून असलेल्या दोन पृष्ठभागांत एलआरव्हीचा ३० गुणांचा फरक ठेवावा असं सुचवलेलं आहे. आम्ही दाराची चौकट आणि दार गडद शेवाळी केलं, एलआरव्ही १८. स्विचच्या पट्ट्या पांढऱ्या केल्या. एकरंगी खोलीचा तो फोटोतला देखणेपणा गेला. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. घरात वयस्कर माणूस असेल तर कलर ड्रेंचिंग त्यांच्या खोलीत करू नका, आणि जिन्यात तर कुणाच्याच घरात करू नका.

बाकीच्या सामग्रीबद्दल थोडक्यात. लाइमवॉशच्या भिंतीखाली ट्रॅव्हर्टाइनचं बुटकं टेबल आहे, न चकाकणारं, हलक्या घोटाईचं. हा दगड झऱ्यांच्या पाण्यातून थरावर थर साचून बनतो, त्यातली भोकं त्या प्रवाहातल्या वायूंची आणि वनस्पतींची. रोमचं कलोसियम बऱ्याच अंशी याच दगडात बांधलेलं आहे, त्यामुळे टिकण्याबद्दल शंका नको. डागांबद्दल हवी. तोही कॅल्शियम कार्बोनेटच, माझ्या भिंतीसारखा, आणि आम्ल लागलं की विरघळतो. सासूबाईंच्या व्हिटॅमिन सीच्या फेसाळ गोळीचा पेला एकदा त्यावर रात्रभर राहिला. सकाळी पेला उचलला तर खाली फिकट गोल. पुसून जाईना, कारण तो डाग नव्हताच, तिथला दगडच खाल्ला गेला होता. अंगठ्याने चाचपलं तर कडेची किंचित पायरी बोटाला लागते. सीलर लावलेला होता, पण सीलर तेल-पाणी मुरणं थांबवतो, आम्लाला अडवत नाही. विक्रेते हे दोन्ही एकत्र करून सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिते. टेबल मला अजूनही प्रिय आहे. ओट्यासाठी मात्र हा दगड नको. तिथे आम्ही ग्रॅनाइट ठेवला. कृत्रिम क्वार्ट्झ दिसायला एकसारखा येतो, पण तो कापताना, घासताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत जाते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून त्यावर बंदी घातली, ती याच कारणाने. हे वाचल्यावर मला तो घ्यावासा वाटला नाही.

प्रवेशाजवळ लाकडी पट्ट्यांचं पॅनल आहे, एमडीएफवर व्हेनियर, मागे फेल्ट. आवाज थोडा कमी घुमतो हे खरं. पण प्रत्येक खाचेत धूळ बसते आणि दर आठवड्याला ब्रश घेऊन ८४ खाचा साफ कराव्या लागतात. पुन्हा घेणार नाही.

आणि भिंतीची रोजची निगा? ओलं फडकं वर्ज्य. कोरडा मऊ ब्रश, महिन्यातून एकदा. स्विचबोर्डभोवती बोटांचा तेलकटपणा सहा महिन्यांत गडद दिसायला लागला, तिथे ओकच्या लाकडाची पातळ पट्टी बसवून घेतली. सोफ्याची पाठ भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे ओढली, डोकी टेकू नयेत म्हणून. एकदा कपाट सरकवताना ओरखडा पडला. तेवढ्यापुरता ब्रश मारून बघितला तर ठिगळ लावल्यासारखं दिसलं. या रंगात ठिगळ चालत नाही, करायची तर अख्खी भिंत. पाणी उडणाऱ्या जागी, लहान मुलांच्या खोलीत किंवा अरुंद बोळात, जिथे खांदे घासतात, तिथे मी हा रंग सांगणार नाही. दमट दिवसांत भिंत किंचित गडद होते आणि हवा कोरडी झाली की उजळते. आतून ओल येत असेल तर चुना ती झाकत नाही, लगेच दाखवतो. सुरुवातीला क्षारामुळे बुरशीही धरत नाही, पण चुन्याचा दगड होत जातो तसा तो गुण उतरतो, तेव्हा ओल आधी थांबवूनच रंगाकडे वळा.

दीड वर्षात रंग उडालेला नाही. मातीचे रंग उन्हाला घाबरत नाहीत. पाचपैकी साडेचार गुण देईन. तो अर्धा गुण ठिगळाचा. काम करून देणाऱ्यांना वेगळे गुण द्यायचे असते तर पहिल्यांना एक आणि दुसऱ्या खेपेच्या त्या दोघांना पाचाहून जास्त दिले असते.

सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन मागच्या महिन्यात झालं. आता त्यांना पलंगासमोरची भिंत चुन्याची हवी आहे. "तुझ्यासारखी ढगांची," म्हणतात. नमुन्याच्या तीन पाट्या त्यांच्या खोलीत टेकवून ठेवल्या आहेत: पिवडी, फिकी काव आणि पिवडीत अंबर मिसळलेली एक. सकाळी त्यांना पिवडी आवडते, दिवे लागले की काव. प्रत्येक पाटीच्या मागे मी पेन्सिलने तारीख, वेळ आणि त्यांचं मत लिहून ठेवते आहे. अजून चार दिवस बघू, मग ब्रश.